बिल शँक्ली : तिसऱ्या नंबरवर अडकलेल्या संघाचे मास्तर



आपण थोर खेळाडूंची चरित्रे वाचतो तेव्हा त्यात बहुतेक वेळा पदके असतात, कप असतात, पहिला नंबर असतो. आज आपण अशा एका माणसाची माहिती घेणार आहोत ज्यांनी वयाच्या सेहेचाळीस वर्षांपर्यंत मॅनेजर म्हणून एकही मोठी स्पर्धा जिंकली नव्हती. त्यांचे नाव बिल शँक्ली. आज लिव्हरपूल हा फुटबॉल क्लब जगभर माहीत आहे. आपल्या गावातही एखाद्या मुलाच्या अंगात त्यांचा लाल टी-शर्ट दिसतो. पण एके काळी हा क्लब इंग्लंडच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये आठ हंगाम अडकून पडला होता. तिथून तो वर कसा आला, ही गोष्ट शँक्लींच्या आयुष्याची आहे.

दुसरी डिव्हिजन म्हणजे काय?

चरित्र समजून घेण्याआधी हे थोडे समजून घेऊ. इंग्लंडमध्ये १८८८ साली १२ क्लबांनी मिळून फुटबॉल लीग सुरू केली. क्लब वाढत गेले तेव्हा १८९२ मध्ये दुसरी डिव्हिजन सुरू झाली. पुढे तिसरी आणि चौथीही आली. म्हणजे शाळेतल्या इयत्तांसारखेच, फक्त उलटे. इथे पहिली सर्वात वरची.

शँक्लींच्या काळात दुसऱ्या डिव्हिजनमध्ये २२ संघ असायचे. प्रत्येक संघ बाकी सगळ्यांशी दोनदा खेळायचा, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या. झाले ४२ सामने. जिंकले तर २ गुण, बरोबरी झाली तर १ गुण. हंगाम संपला की दुसऱ्या डिव्हिजनमधले पहिले दोन संघ वर जायचे आणि पहिल्या डिव्हिजनमधले शेवटचे दोन खाली यायचे.

इथे ढकलपास नाही बरं का! तिसरा आलेल्या संघाला काहीच मिळत नसे. पहिल्या दोघांपेक्षा एखाद-दोन गुण कमी पडले तरी पुन्हा पुढचे वर्षभर तिथेच. खाली राहिले की प्रेक्षक कमी, तिकिटांचे पैसे कमी आणि चांगले खेळाडू वरच्या क्लबांकडे निघून जाणार. म्हणून खाली पडणे सोपे आणि वर चढणे फार अवघड.

आज या दुसऱ्या पायरीला चॅम्पियनशिप म्हणतात. तिच्यात २४ क्लब असतात. आता पहिले दोन संघ थेट वर जातात आणि तिसऱ्या जागेसाठी वेगळे सामने होतात. शँक्लींच्या काळात ही तिसरी संधी नव्हती.

जन्म आणि बालपण

बिल शँक्ली यांचा जन्म २ सप्टेंबर १९१३ रोजी स्कॉटलंडमधील एअरशर भागातल्या ग्लेनबक या खेड्यात झाला. हे कोळशाच्या खाणींचे गाव होते. वस्ती जेमतेम काही शेकड्यांची, पण या एवढ्याशा गावाने पन्नासच्या आसपास व्यावसायिक फुटबॉल खेळाडू दिले. शँक्लींच्या घरात दहा भावंडे, पाच भाऊ आणि पाच बहिणी. पाचही भाऊ व्यावसायिक फुटबॉल खेळले. बिल हे भावांमध्ये सगळ्यात धाकटे.

घरची परिस्थिती बेताची होती. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि बिल खाणीत कामाला लागले. सुरुवातीला खाणीच्या तोंडाशी, नंतर खाली जमिनीच्या पोटात. तिथे अंधार, धूळ आणि घाम. पण तिथे त्यांनी एक गोष्ट पाहिली. खाणीत एकाचा जीव दुसऱ्याच्या हातात असतो. एकाने कामचुकारपणा केला तर त्रास सगळ्यांना होतो. हा धडा ते जन्मभर विसरले नाहीत.

दोनेक वर्षांनी खाण बंद पडली आणि ते बेकार झाले. कोळसा गेला की गावही जाते. ग्लेनबक गाव आज जवळपास नाहीसे झाले आहे, शँक्लींचे स्मारक मात्र आहे.

खेळाडू म्हणून कारकीर्द

१९३२ मध्ये त्यांना इंग्लंडमधल्या कार्लाईल युनायटेड या लहान क्लबने घेतले. एका हंगामात त्यांचा खेळ पाहून १९३३ मध्ये प्रेस्टन नॉर्थ एंड या क्लबने त्यांना ५०० पौंडांना आपल्याकडे आणले. प्रेस्टन म्हणजे लीगची सर्वात पहिली स्पर्धा जिंकणारा मानाचा क्लब. पण तेव्हा तो कुठे होता? दुसऱ्या डिव्हिजनमध्ये! त्याच हंगामात प्रेस्टन दुसरा आला आणि वर गेला. पहिला आला ग्रिम्सबी टाउन. हे नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

शँक्ली मैदानाच्या मधल्या फळीत खेळत. अंगात दम भरपूर आणि तब्येतीला फार जपणारे. १९३७ मध्ये प्रेस्टन एफए कपच्या अंतिम सामन्यात हरला. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, हडर्सफील्ड टाउनला १-० ने हरवून त्यांनी तो कप जिंकला. स्कॉटलंडच्या संघातही शँक्ली खेळले.

पण १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. खेळाडूच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षे युद्धात गेली. त्या काळात ते हवाई दलात होते. १९४४ मध्ये नेसी यांच्याशी त्यांचे लग्न झाले. पुढे त्यांना दोन मुली झाल्या. १९४९ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, त्यांनी खेळणे थांबवले. त्याच हंगामाअखेर प्रेस्टन पुन्हा दुसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरला.

दहा वर्षे, चार क्लब, एकही कप नाही

आता त्यांच्या आयुष्याचा असा भाग येतो, जो चरित्रांमध्ये सहसा दोन ओळींत उरकला जातो. मला मात्र तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

१९४९ मध्ये ते आपल्या जुन्या कार्लाईलचे मॅनेजर झाले. हा क्लब तिसऱ्या डिव्हिजनच्या उत्तर विभागात होता. तिथून फक्त पहिला संघ वर जायचा. १९५१ मध्ये कार्लाईल तिसरा आला. त्याच वर्षी लिव्हरपूलने त्यांना मुलाखतीला बोलावले होते, पण निवड दुसऱ्याची झाली.

मग ते ग्रिम्सबी टाउनमध्ये गेले. एके काळी दुसऱ्या डिव्हिजनमध्ये पहिला आलेला हा क्लब तीन वर्षांत दोनदा घसरून तिसऱ्या डिव्हिजनमध्ये पोहोचला होता. शँक्लींनी पहिल्याच वर्षी त्याला दुसऱ्या क्रमांकावर आणले. पण वर जाणार एकच, लिंकन सिटी. अवघे ३ गुण कमी पडले.

१९५४ मध्ये ते वर्किंग्टन या अगदी लहान क्लबमध्ये गेले. तो तळाशी धडपडत होता. पुढच्या हंगामात तो आठवा आला. नंतर ते हडर्सफील्ड टाउनमध्ये आले आणि १९५६ च्या शेवटी तिथले मॅनेजर झाले. १९२४ ते १९२६ अशी सलग तीन वर्षे पहिली डिव्हिजन जिंकलेला हा क्लब नुकताच दुसऱ्या डिव्हिजनमध्ये आला होता.

हडर्सफील्डमध्ये डेनिस लॉ नावाचा एक किडकिडीत मुलगा होता. शँक्लींनी त्याला सोळाव्या वर्षी मोठ्या संघात उतरवले. तो पुढे जगप्रसिद्ध खेळाडू झाला. पण याच काळात एक विचित्र हारही शँक्लींच्या वाट्याला आली. २१ डिसेंबर १९५७ रोजी चार्लटन अ‍ॅथलेटिकविरुद्ध सामना होता. चार्लटनचा एक खेळाडू जखमी होऊन बाहेर गेला. तेव्हा बदली खेळाडू घेता येत नसे, म्हणून ते दहा जणांनिशी खेळत होते. शेवटचा अर्धा तास राहिला तेव्हा हडर्सफील्ड ५-१ ने पुढे होते. पण त्या सामन्यात चार्लटनच्या जॉनी समर्सने एकट्याने पाच गोल केले. सामना संपला तेव्हा धावफलक होता चार्लटन ७, हडर्सफील्ड ६! सहा गोल करूनही हरायचे, म्हणजे विचार करा.

हडर्सफील्ड काही वर गेले नाही. म्हणजे हिशेब काय झाला? दहा वर्षे, चार क्लब, हातात काही नाही. कागदावर पाहिले तर हा माणूस नापास. पण या दहा वर्षांत त्यांनी लहान क्लब आतून कसा चालतो ते पाहिले होते. पैसे कमी, मैदान खराब, खेळाडू मोजकेच, अशात काम कसे करायचे हे ते शिकले होते. परीक्षेच्या गुणपत्रिकेत हे शिकणे दिसत नाही.

लिव्हरपूलमध्ये आगमन

१९५४ मध्ये लिव्हरपूल पहिल्या डिव्हिजनमध्ये शेवटचा आला आणि खाली घसरला. त्याच शहरातला एव्हर्टन मात्र वर होता. लिव्हरपूलने प्रयत्न केले नाहीत असे नाही. १९५६ मध्ये तिसरा, १९५७ मध्ये तिसरा, १९५८ मध्ये चौथा, १९५९ मध्ये चौथा. दरवर्षी दार दिसायचे, पण उघडायचे नाही. त्यात जानेवारी १९५९ मध्ये वूस्टर सिटी नावाच्या, लीगमध्येही नसलेल्या क्लबने त्यांना एफए कपमध्ये २-१ ने हरवले.

डिसेंबर १९५९ मध्ये शँक्ली लिव्हरपूलचे मॅनेजर झाले. पहिलाच सामना घरच्या मैदानावर, कार्डिफ सिटीविरुद्ध. निकाल ०-४. सुरुवातच अशी!

दुसरा कोणी असता तर त्याने आधी जुनी माणसे काढून टाकली असती. शँक्लींनी उलट केले. बॉब पेझली, जो फेगन, रुबेन बेनेट हे प्रशिक्षक आधीपासून तिथे होते. त्यांना त्यांनी जागेवर ठेवले आणि विश्वासात घेतले. खेळाडूंचे बूट ठेवण्याच्या एका लहानशा खोलीत ही मंडळी बसायची आणि प्रत्येक सामन्याची, प्रत्येक खेळाडूची चर्चा करायची. रोजच्या सरावाची नोंद वहीत ठेवली जायची. आपण शिक्षक जशी दैनिक टाचणवही ठेवतो, अगदी तशी.

मग त्यांनी मैदानाकडे पाहिले. अ‍ॅनफिल्ड या घरच्या मैदानावर गवताला पाणी घालायची धड सोय नव्हती. मेलवूड हे सरावाचे मैदान गवत-झुडपांनी माजले होते. शँक्लींनी क्लबला पैसे खर्च करायला लावून दोन्ही दुरुस्त करून घेतली.

सरावाची पद्धतही बदलली. आधी खेळाडू रस्त्यावरून लांब लांब पळायचे. शँक्लींनी ते बंद केले आणि गवतावर, चेंडूसह सराव सुरू केला. पाच-पाच जणांचे छोटे संघ करून सामने खेळायचे. चेंडू घ्यायचा, पटकन द्यायचा आणि लगेच मोकळ्या जागेत पळायचे. एवढेच. पण ते रोज. चारी बाजूंनी फळ्या लावलेल्या चौकोनात खेळाडूने चेंडू मारायचा, तो परत आला की लगेच पुन्हा मारायचा, असाही सराव असे. खेळाडू अ‍ॅनफिल्डवर कपडे बदलून बसने मेलवूडला जात आणि सराव संपला की पुन्हा बसनेच परत येत. तेवढ्या वेळात अंग हळूहळू निवायचे, मग अंघोळ आणि जेवण. त्यामुळे दुखापती कमी झाल्या.

खेळाडूंच्या बाबतीत मात्र ते कठोर होते. जे वर जाण्याइतके चांगले नाहीत असे वाटले, अशा चोवीस जणांना त्यांनी हळूहळू निरोप दिला.

एवढे करून १९६० मध्ये लिव्हरपूल कितवा आला? तिसरा. १९६१ मध्ये? पुन्हा तिसरा! लोकांचा धीर सुटत चालला होता. १९६१ मध्ये वर गेलेल्या इप्सविच टाउनने तर पुढच्याच वर्षी पहिली डिव्हिजन जिंकून दाखवली. म्हणजे दाराच्या पलीकडे काय आहे ते सगळ्यांना दिसत होते.

अखेर वर

१९६१ मध्ये क्लबने शेवटी पैशांची पिशवी सोडली. शँक्लींनी स्कॉटलंडमधून दोन खेळाडू आणले. मदरवेलकडून पुढच्या फळीतला इयान सेंट जॉन आणि डंडी युनायटेडकडून बचाव फळीतला धिप्पाड रॉन येट्स. रॉजर हंट हा गोल करणारा खेळाडू त्यांच्याकडे आधीच होता. संघाला कणा मिळाला.

१९६१-६२ च्या हंगामात हंटने लीगमध्ये ४१ गोल केले. २१ एप्रिल १९६२ रोजी साउदम्प्टनविरुद्धच्या सामन्यात सेंट जॉन खेळू शकत नव्हता. त्याच्या जागी आलेल्या केव्हिन लुईसने दोन गोल केले, लिव्हरपूल २-० ने जिंकले आणि वर जाणे पक्के झाले. हंगामाअखेर लिव्हरपूल ६२ गुणांसह पहिले आले. दुसऱ्या क्रमांकावरच्या लेटन ओरिएंटचे ५४ गुण होते.

इथे एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. ओरिएंटसुद्धा लिव्हरपूलबरोबरच वर गेले. पण पुढच्याच हंगामात ते शेवटचे आले आणि खाली परतले. लिव्हरपूल मात्र आठवे आले आणि १९६४ मध्ये पहिल्या डिव्हिजनचे विजेते झाले. दोघांनी एकाच दिवसांत एकच परीक्षा पास केली होती. फरक पडला तो पायाचा. लिव्हरपूलने वर जायच्या आधीच मैदान, सराव, माणसे आणि सवयी सगळे वरच्या वर्गाच्या तयारीचे करून ठेवले होते.

१९६५ मध्ये लिव्हरपूलने आपला पहिला एफए कप जिंकला. १९६६ मध्ये पुन्हा लीग जिंकली, तीही लीगच्या सगळ्या सामन्यांत मिळून अवघे १४ खेळाडू वापरून.

दुसऱ्या डिव्हिजनने पुन्हा शिकवले

यश मिळाले की माणूस जुन्या संघाला चिकटून राहतो. शँक्लींचेही तसेच झाले. खेळाडू थकत चालले होते, पण त्यांच्यावरचा जीव सुटत नव्हता. फेब्रुवारी १९७० मध्ये एफए कपच्या सामन्यात वॉटफर्डने लिव्हरपूलला १-० ने हरवले. वॉटफर्ड कोण? दुसऱ्या डिव्हिजनमधला संघ! त्या एका हारेने शँक्लींचे डोळे उघडले. त्यांनी संघ नव्याने बांधायला घेतला. आणि नवे खेळाडू कुठून आणले? पुष्कळसे खालूनच. गोलरक्षक रे क्लेमन्स आणि केव्हिन कीगन हे दोघेही स्कन्थॉर्प युनायटेड या लहान क्लबमधले. खालच्या डिव्हिजनमध्ये हिरे असतात हे त्यांना पक्के माहीत होते, कारण ते स्वतः तिथे दहा वर्षे काढून आले होते. या नव्या संघाने १९७३ मध्ये लीग आणि युएफा कप, तर १९७४ मध्ये एफए कप जिंकला.

स्वभाव

शँक्ली साधे राहिले. शेवटपर्यंत ते एका मध्यम घरात राहत. चाहत्यांच्या पत्रांना स्वतः टाइपरायटरवर उत्तरे लिहीत. गरीब चाहत्यांना तिकिटे मिळवून देत. क्लबमध्ये झाडलोट करणाऱ्यापासून कप्तानापर्यंत सगळ्यांचे काम सारखेच महत्त्वाचे, असे ते मानत. खाणीतला धडा!

पण मित्रांनो, चरित्र वाचताना फक्त गुण पाहू नयेत. खेळाडू जखमी झाला की शँक्ली त्याच्याशी नीट बोलत नसत, जणू तो तिथे नाहीच. आधीच दुखण्याने खचलेल्या माणसाला हे किती लागत असेल! सगळ्यांना समान मानणाऱ्या माणसाकडूनही असे होऊ शकते, हे आपण लक्षात ठेवायला हवे.

निवृत्ती आणि अखेर

जुलै १९७४ मध्ये, यशाच्या शिखरावर असताना, शँक्लींनी अचानक मॅनेजरपद सोडले. सगळे शहर हळहळले. पण पद सोडले तरी पाय मेलवूडकडेच वळायचे. ते सरावाला येत राहिले. खेळाडू सवयीने त्यांनाच बॉस म्हणत. नवे मॅनेजर बॉब पेझली यांना हे अवघड जाऊ लागले. आपण नकोसे झालो आहोत हे शँक्लींच्या लक्षात आले आणि त्यांनी तिकडे जाणे थांबवले. ज्या मैदानावरचे रान त्यांनी साफ करून घेतले, तिथेच त्यांना परके वाटू लागले. हे त्यांच्या मनाला फार लागले.

२९ सप्टेंबर १९८१ रोजी लिव्हरपूलमध्ये त्यांचे निधन झाले. वय ६८ वर्षे. पुढच्या वर्षी अ‍ॅनफिल्डवर त्यांच्या नावाचे प्रवेशद्वार उभारले गेले आणि १९९७ मध्ये पुतळा बसवला गेला.

पण त्यांचे खरे स्मारक वेगळे आहे. त्यांनी ज्यांना काढून टाकले नाही त्या पेझलींनी पुढे क्लबला तीन वेळा युरोपियन कप मिळवून दिला आणि त्यानंतर फेगन यांनी एकदा. बूट ठेवायच्या खोलीतली माणसे ती! आणि १९६२ मध्ये वर गेलेले लिव्हरपूल त्यानंतर एकदाही खाली घसरलेले नाही.

आपण काय शिकलो?

प्रत्येक वर्गात असे एखादे मूल असते जे दरवर्षी थोडक्यासाठी राहून जाते. आपण त्याला म्हणतो, जास्त अभ्यास कर. शँक्लींचे आयुष्य सांगते की नुसते जास्त करून भागत नाही, रोजचे वेगळे आणि नीट करावे लागते. आणि ते करूनही आणखी दोनदा तिसरा नंबर येऊ शकतो. त्या दोन वर्षांत लिव्हरपूलने शँक्लींना काढून टाकले असते, तर पुढचे काहीच घडले नसते. म्हणून ही गोष्ट जितकी मुलांसाठी आहे, तितकीच शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी आहे. तिसऱ्या नंबरच्या मुलाला वेळ द्यावा लागतो.

थोडा विचार करा

१. लिव्हरपूल आणि लेटन ओरिएंट एकाच वर्षी वर गेले, पण ओरिएंट टिकले नाही. असे का झाले असेल?
२. शँक्लींनी आधीच्या प्रशिक्षकांना काढले नाही. त्याचा पुढे काय फायदा झाला?
३. तुमच्या शाळेच्या संघात जखमी झालेल्या मित्राशी तुम्ही कसे वागाल? चार-पाच ओळी लिहा.